ज्यांच्या पिशवीत काय आहे ते कळत नाही

झॉर्क या खेळात एक अंडं आहे. जंगलातल्या झाडावर चढलं की पक्ष्याच्या घरट्यात ते सापडतं. त्यावर रत्नं जडवलेली आहेत, सोन्याचं बारीक काम आहे आणि बाजूला इवलीशी कडी आहे. खेळाडूला ती कडी उघडता येत नाही. त्याच्याकडे तशी हत्यारं नाहीत आणि बोटांत ते कसबही नाही. हट्टानं जोर लावला तर अंडं उघडतं खरं, पण आतली चीज मोडून जाते. त्या सगळ्या जगात हे अंडं धक्का न लावता उघडू शकणारा माणूस एकच आहे, आणि तो चोर आहे.

हा चोर मोठी पिशवी घेऊन जमिनीखालच्या राज्यात फिरत असतो. खेळाडू कोणत्या दालनात आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो आपल्या वाटेनं येतो, डोळ्यांत भरेल ते उचलतो, कधी खेळाडूच्या हातातलंही काढून घेतो आणि निघून जातो. तिथल्या भूलभुलैयातली दालनं एकसारखी आहेत, म्हणून खेळाडू खुणेसाठी दालनागणिक एकेक वस्तू टाकत पुढे जातो. चोर या खुणाही हलवतो. मग कुठूनतरी लांबून त्याचा आवाज येतो. इतकी छान वस्तू इथे कशी काय पडली, असं तो स्वतःशीच नवल करत असतो. ते वाक्य पडद्यावर उमटलं की अंगावर काटा येतो, कारण ते आपल्याला उद्देशून बोललेलं नसतं.

अंड्याचा उलगडा असा आहे की खेळाडूनं स्वतःहून लुटलं जायचं. अंडं चोराच्या हाती जाऊ द्यायचं, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग त्याच्या अड्ड्यावर जाऊन त्याच्याशी लढायचं. तो मेला की त्याचा ऐवज समोर येतो, त्यात अंडं उघडलेलं असतं आणि आत किल्लीवर चालणारा सोन्याचा कॅनरी पक्षी असतो. जंगलात जाऊन त्याला किल्ली दिली की तो गातो. ते गाणं ऐकून एक खरा पक्षी येतो आणि पितळेचा एक गोळा टाकून जातो. इतक्या नाजूक गोष्टीपर्यंत आपण पोचलो ते एका चोराच्या हातांमुळे, आणि तो तर आता राहिला नाही. त्यानंतर खेळ सोपा होतो, पण ते भूमिगत राज्य ओसाड वाटायला लागतं. आता तिथे कुणी आपलं आपलं काम करत फिरत नाही.

हा खेळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी १९७७ मध्ये तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायला घेतला. १९८० मध्ये इन्फोकॉम कंपनीनं त्याचा पहिला भाग घरगुती कॉम्प्युटरवर आणला. चित्र नाही, संगीत नाही, पडद्यावर फक्त मजकूर. तेवढ्यात त्यांनी एक माणूस उभा केला, ज्याच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही आणि ज्याला आपण विसरूही शकत नाही. साहसी खेळांतल्या गूढ दुय्यम पात्रांवरचे लेख या पुस्तकात एकत्र येत आहेत. त्या विषयात शिरायला मला या अंड्याइतकी चांगली वाट दुसरी सापडली नाही. एक आधीच सांगायला हवं. इथे काही खेळांचे शेवट उघड होणार आहेत. त्यांच्याविषयी बोलायचं तर दुसरा इलाज नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. व्हिडिओ गेममधलं जग खेळाडूभोवती रचलेलं असतं. दार असतं ते त्यानं उघडावं म्हणून, किल्ली असते ती त्याला सापडावी म्हणून, आणि गावातला म्हातारा वेशीवर बसलेला असतो तो त्याला वाट सांगण्यासाठी. खेळाडूला हे कुणी सांगत नाही, पण अर्ध्या तासात ते त्याच्या हातांना कळतं. गूढ पात्र या रचनेला छेद देतं. ते स्वतःच्या कामाला निघालेलं असतं, आणि आपण त्याच्या वाटेत आलेलो असतो. त्याच्या गूढपणाचं मोल इथे आहे. त्यानं काहीतरी दडवलं आहे म्हणून आपण त्याच्याकडे ओढले जातो असं नाही. आपण नसतो तरी ते होतंच, असा विश्वास ते आपल्याला देतं. एका पात्रामुळे हा विश्वास बसला की सगळ्या जगावर बसतो.

साहसी खेळांच्या प्रकाराला नाव मिळालं तेच मुळी एका गुहेतून. विल क्राऊदर हा अमेरिकन प्रोग्रॅमर गुहांमध्ये उतरणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भागांचे नकाशे करण्याच्या कामात त्याचा हात होता. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, त्यानं आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर बेतलेला एक खेळ लिहिला आणि तो अ‍ॅडव्हेंचर नावानं पसरला. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं १९७७ मध्ये तो वाढवला. त्या आवृत्तीत एक दाढीवाला समुद्री चाचा आहे. तो अंधारातून येऊन आपला खजिना पळवतो आणि भूलभुलैयात नेऊन ठेवतो. झॉर्कचा चोर त्याचाच वंशज आहे. म्हणजे या खेळांच्या अगदी पहिल्या पिढीपासून कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या मागेपुढे आहेच.

सगळी दुय्यम पात्रं अशी नसतात, आणि तसं असायची गरजही नाही. बहुतेक पात्रांचं काय होतं ते प्रत्येक खेळाडूला माहीत आहे. पहिल्यांदा बोललं की ते माहिती देतं, दुसऱ्यांदा थोडी आणखी, तिसऱ्यांदा तेच वाक्य पुन्हा. मग कितीही वेळा बटण दाबा, तेच. त्या क्षणी माणसाचं फर्निचर होतं. आपण त्याच्या अंगावरून धावत जातो. यात लेखकाचा दोष नाही, कुणाही लेखकाजवळ अगणित वाक्यं नसतात. पण जो गूढ माणसाला नीट लिहितो तो या मर्यादेचाच उपयोग करून घेतो. त्या माणसानं पहिल्यापासून थोडंच सांगितलेलं असतं, म्हणून तो गप्प झाला तर रिकामा झाला असं वाटत नाही. त्याला सांगायचं नाही, एवढंच वाटतं.

याचा सगळ्यात पक्का नमुना माझ्या मते २००० सालच्या द लेजंड ऑफ झेल्डा: मेजोराज मास्क या निन्टेन्डोच्या खेळात आहे. पाठीवर मुखवट्यांनी लगडलेलं प्रचंड ओझं घेतलेला, डोळे मिटल्यासारखा हसणारा एक फेरीवाला. त्याला मी मुखवटेवाला म्हणेन, बांगडीवाला म्हणतो तसं. खेळाचा नायक लिंक घड्याळाच्या मनोऱ्याच्या पोटात येतो तेव्हा हा त्याच्या पाठीमागे उभा असतो. तो सांगतो की मी तुझ्या मागावर होतो. त्याच्याकडचा एक शापित मुखवटा जंगलात स्कल किड नावाच्या एका पात्रानं चोरला आहे आणि तो त्याला परत हवा आहे. वर तो हेही सांगतो की मला फार कामं आहेत, तीन दिवसांत मला इथून निघायचं आहे.

या तीन दिवसांवर जरा थांबावं असं मला वाटतं. खेळाडूला थोड्या वेळानं कळतं की गावावर चंद्र कोसळणार आहे, बरोबर तीन दिवसांनी. सारा खेळ त्या तीन दिवसांत पुन्हा पुन्हा घडतो. योशिआकी कोइझुमी आणि एइजी आओनुमा या दिग्दर्शकांनी हे चक्र आधी आठवड्याचं ठरवलं होतं आणि मग तीन दिवसांवर आणलं. जगाच्या अंताची मुदत सांगायला त्यांना कुणीही मिळालं असतं, एखादा राजज्योतिषी, एखादा ऋषी. त्यांनी ती एका फेरीवाल्याच्या तोंडी घातली, आणि तीही त्याच्या स्वतःच्या घाईच्या रूपानं. त्याला अंत माहीत आहे का? माहीत असेल तर तो इतका शांत कसा? आणि माहीत नसेल तर नेमके तीनच दिवस का? खेळ याचं उत्तर देत नाही. पण त्या एका वाक्यानं मुखवटेवाल्याला स्वतःचं वेळापत्रक मिळतं, आणि ज्याला वेळापत्रक आहे तो माणूस असतो.

माझा भाचा दहा वर्षांचा असताना हा खेळ स्विच या कन्सोलवर खेळत होता आणि मी शेजारी बसले होते. मुखवटेवाला बोलायला लागला तसा तो पडद्याच्या जवळ सरकला आणि म्हणाला, "मावशी, हा हलतच नाही बघ. एकदम दुसरीकडेच असतो." मी हा खेळ आधी पाहिला होता, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग आम्ही तो प्रसंग मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहिला. मुखवटेवाला हात जोडून उभा आहे, पुढच्या वाक्याला त्याचे हात पसरलेले आहेत, त्याच्या पुढच्याला तो लिंकच्या तोंडाशी आला आहे. मधली हालचाल दाखवलेलीच नाही. बाकीची पात्रं चालतात, वळतात, मान हलवतात. हा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत फक्त असतो. त्याच्या ओझ्यावर लटकणाऱ्या मुखवट्यांत मारिओचाही चेहरा आहे, तो भाच्यानंच शोधला. पण त्या दिवशी त्याच्या मनात राहिला तो हा न चालणारा माणूस.

मग एक प्रसंग येतो. लिंक आपली बासरी परत मिळवून येतो, मुखवटेवाला, कुठून आला ते कळत नाही अशा भल्यामोठ्या ऑर्गनवर त्याला एक धून शिकवतो, त्या धुनेनं लिंकला त्याचं हरवलेलं माणसाचं रूप परत मिळतं. मुखवटेवाला प्रेमळ वाटतो. आणि मुखवटा आणलेला नाही हे कळताक्षणी तो लिंकला धरून गदागदा हलवतो. त्या दोन प्रसंगांमध्ये काही क्षणांचंच अंतर आहे. चांगला की वाईट, हे ठरवण्याचा खेळाडूचा हक्क तिथेच संपतो. तो आपल्या बाजूचा नाही, शत्रूच्या बाजूचाही नाही. तो मुखवट्याच्या बाजूचा आहे.

याच मालिकेतल्या, दोन वर्षं आधीच्या ऑकरिना ऑफ टाइमशी तुलना करून पाहावी. तिथे शीक नावाचा तोंड झाकलेला योद्धा आहे. तो योग्य वेळी प्रकट होतो, धून शिकवतो, जमिनीवर काहीतरी आपटून लखलखाट करतो आणि नाहीसा होतो. अशा सहा धुना तो शिकवतो. आपण त्याची वाट पाहायला लागतो. शेवटी कळतं की शीक म्हणजे वेश पालटलेली राजकन्या झेल्डाच. हा उलगडा देखणा आहे, पण तो झाल्यावर शीक उरत नाही. ते गूढ म्हणजे कुलूप होतं आणि त्याला किल्ली होती. मुखवटेवाल्याला किल्ली नाही. खेळाच्या शेवटी तो मुखवटा घेतो, निरोप घेतो, आणि चालता चालता विरून जातो. मेजोराज मास्क फार थोड्या काळात, आधीच्या खेळाचीच साधनं आणि पात्रांचे साचे वापरून करण्यात आला. मुखवटेवालाही ऑकरिनामधल्या बाजारातला एक साधा दुकानदार होता. तोच चेहरा, तेच हसू, फक्त दुकान काढून घेतलं आणि ओझं पाठीवर दिलं.

हे ओझं, ही पिशवी मला वारंवार भेटते. १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये सूटबूट घातलेला एक माणूस ब्रीफकेस घेऊन दिसत राहतो. तो खेळ साहसापेक्षा नेमबाजीचा, पण हा माणूस या घराण्यातलाच आहे. काचेपलीकडे तो कुणा शास्त्रज्ञाशी वाद घालत असतो, उंच कठड्यावर टाय सारखा करत उभा असतो, आणि आपण तिथे पोचेपर्यंत नसतो. जी-मॅन हे नाव खेळाडूंनी कॉम्प्युटरमधल्या फाइलीच्या नावावरून उचललं. पिशवी म्हणजे निघायची तयारी. ती ज्याच्या हातात आहे तो इथला नाही, त्याला कुठेतरी जायचं आहे, आणि आत काय आहे ते आपल्याला विचारता येत नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. न सांगणं सोपं असतं. ज्याला गोष्ट बांधता येत नाही तो लेखक एका माणसाला काळा झगा घालून कोपऱ्यात उभं करतो, दोन अर्धवट वाक्यं त्याच्या तोंडी देतो आणि खेळाडूनं थरारून जावं अशी अपेक्षा करतो. अशी पात्रं शेकड्यांनी आहेत आणि ती आठवत नाहीत. फरक ओळखायला माझ्याजवळ एकच कसोटी आहे: हा माणूस काय करणार नाही हे मला सांगता येतं का? झॉर्कचा चोर चांगली वस्तू पडलेली सोडणार नाही. मुखवटेवाला मुखवट्यापेक्षा कुणाच्या जिवाला जास्त किंमत देणार नाही. त्यांचं कारण झाकलेलं आहे, पण वागणं घट्ट आहे. ज्याच्या वागण्यालाच धरबंध नाही, तिथे लेखकालाही काही माहीत नसतं, आणि खेळाडूला हे फार लवकर कळतं.

गूढ म्हटलं की झगा आणि मुखवटाच हवा असंही नाही. कॅम्पो सँटो या छोट्या चमूनं २०१६ मध्ये केलेल्या फायरवॉचमध्ये डिलायला आहे. वायोमिंगमधल्या शोशोनी राष्ट्रीय वनात, १९८९ च्या उन्हाळ्यात, हेन्री नावाचा माणूस वणव्यांवर नजर ठेवायला टेहळणीच्या मनोऱ्यावर येऊन राहतो. डिलायला शेजारच्या मनोऱ्यावरची त्याची वरिष्ठ. दोघांमध्ये मैलोगणती रान आणि एक वॉकीटॉकी. सिसी जोन्सनं तिला आवाज दिला आहे. ती भरपूर बोलते, हसवते, पिते, स्वतःच्या जुन्या नात्यांविषयी सांगते. तिच्यात अलौकिक काही नाही. तरी त्या खेळात मला सर्वांत अनोळखी राहिली ती हीच बाई.

कारण आवाजावर विश्वास ठेवताना आपण बाकीचं सगळं मनानं भरत असतो. पूर्वी नेड नावाचा पहारेकरी नियम मोडून आपल्या मुलाला, ब्रायनला, सोबत घेऊन राहत होता, हे डिलायलाला माहीत होतं. तिनं ते वर कळवलं नाही. तिला तो पोरगा आवडायचा. पुढे त्या पोराचं काय झालं ते रानातल्या एका गुहेत कळतं, आणि कळतं तेव्हा ती रेडिओवर असते. तिचा आवाज फुटतो, पण तिचा चेहरा आपल्याजवळ नाही. अपराधी वाटणारा माणूस कसा दिसतो हे आपल्याला दुसऱ्या कुणावरून तरी आठवावं लागतं.

शेवटी वणवा पेटतो, हेन्री चालत तिच्या मनोऱ्यापाशी जातो. तिथून दोघांनी हेलिकॉप्टरनं निघायचं असतं. खेळाडू जिने चढतो. खोलीत तिची खुर्ची आहे, तिचं टेबल आहे, तिच्या वस्तू आहेत. ती आधीच्या फेरीत निघून गेली आहे. शेवटचं बोलणंही रेडिओवरच होतं. अनेक खेळाडूंना हा शेवट रुचला नाही. इतका उन्हाळा घालवून हाती काय लागलं, असं त्यांना वाटलं. त्यांचा राग मला समजतो, कारण मीही त्या खोलीत बराच वेळ नुसती उभी होते. पण ती तिथे असती तर आपली झाली असती, आपल्या उन्हाळ्याचं बक्षीस झाली असती. ती स्वतःच्या अपराधाचं ओझं घेऊन स्वतःच्या वाटेनं गेली. तिची पिशवी ही अशी.

जर्नी (२०१२) या खेळाविषयी पुढे स्वतंत्र लेख आहे, म्हणून मी एवढंच सांगते की त्यातला वाळवंटातला अनोळखी सोबती हा जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो. बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. भेटलेल्यांची नावं खेळ संपल्यावर कळतात. लेखकानं एक शब्दही न लिहिता झालेलं हे गूढ पात्र आहे.

आपल्याकडच्या खेळांविषयीही एक शब्द. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत राजी निघते आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगत जातात. चित्रांच्या दृष्टीनं तो मला फार आवडला, किल्ले आणि हवेल्या पाहताना हात थांबतो. पण ते निवेदक आपल्याला लहानपणापासून ओळखीचे आहेत आणि त्यांना सगळं ठाऊक आहे. राजीला वाटेत असा कुणी भेटला असता, ज्याचं नाव दुर्गेलाही सांगता येत नाही, तर ती वाट मला आणखी लांब वाटली असती. घाटातल्या रात्रीच्या एसटी स्टँडवर बोचकं घेऊन बसलेली म्हातारी, कुठली गाडी हवी ते न सांगणारी, एखाद्या मराठी खेळात मला कधीतरी भेटावी अशी माझी फार इच्छा आहे. हे पुस्तक वाचणाऱ्या कुणा मुलामुलीनं ती लिहावी.

भाच्यानं मेजोराज मास्क पुरा केला त्याला आता बरेच दिवस झाले. अधूनमधून तो अजूनही हा खेळ लावतो. परवा त्याच्या घरी गेले तेव्हा पडद्यावर तिसरा दिवस होता. चंद्र इतका खाली आला होता की त्याचे दात दिसत होते, जमीन हादरत होती, गावातली माणसं पळून गेली होती. भाच्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं लिंकला घड्याळाच्या मनोऱ्याकडे नेलं, जड दार ढकललं आणि आत गेला. खाली, पाणचक्कीच्या आवाजात, मुखवटेवाला ओझ्यासकट होता तसाच हसत उभा होता.

"काय विचारायचंय त्याला?" मी म्हटलं.

"काही नाही गं मावशी," भाचा म्हणाला. "आहे का ते बघायला आलो."